गच्चीवरचं बीपीएड

मी कबड्डी खेळायचे. जिल्ह्याच्या संघातून दोनदा, राज्याला एकदा, तेही राखीव म्हणून. बीए झाल्यावर डोक्यात एकच होतं, शाळेत पीटीची मॅडम व्हायचं. त्यासाठी बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी लागते एवढं माहीत होतं. तिच्या प्रवेशपरीक्षेचा, सीईटीचा फॉर्म भरायची तारीख माझ्याकडून चुकली, आणि नेमकं तेव्हाच एसटी स्टँडजवळ एक फ्लेक्स दिसला: 'शारीरिक शिक्षण, फिटनेस व आउटडोअर रिक्रिएशन, दोन वर्षे, बीपीएड समकक्ष, १०० टक्के नोकरी'. ही २०२२ची गोष्ट.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली मोबाइलचं दुकान. मी आणि अण्णा गेलो. तिथल्या मॅडम फार गोड बोलायच्या. "तुझ्यासारख्या खेळाडूनं सीईटीच्या भानगडीत कशाला पडायचं? आपल्याकडं थेट प्रवेश." अण्णांनी विचारायचं ते विचारलं, "सरकारमान्य आहे ना?" मॅडमनी भिंतीकडं बोट केलं. तिथं तीन फ्रेम होत्या. अण्णांनी खिशातून चष्मा काढला, जवळ जाऊन बघितलं, एकीवर अशोकस्तंभ दिसला, आणि ते परत येऊन खुर्चीत बसले. झालं.

त्या तीन फ्रेम काय होत्या ते आता सांगते, कारण अशाच फ्रेम तुम्हालाही दाखवतील. पहिली, संस्था नोंदणीचं प्रमाणपत्र, १८६०च्या कायद्याखालचं. ते गावातल्या गणेश मंडळाकडंही असू शकतं. दुसरी आयएसओ ९००१. ती ऑफिसच्या कामकाजाची पद्धत बघून मिळते, अभ्यासक्रमाशी तिचा काडीचा संबंध नाही. अशोकस्तंभवाली तिसरी म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची. पापड-लोणच्याचा धंदा करणाऱ्या माझ्या मावशीकडंही ती आहे. तिन्ही कागद खरे होते. खोटं काही लिहिलेलंच नव्हतं, आपणच वाचताना त्यात कॉलेज बघितलं.

फी दोन वर्षांची १ लाख ४० हजार. पहिले ३५ हजार रोख, आईची भिशी तेव्हाच लागली होती. पावती मिळाली. तिच्यावर 'देणगी' लिहिलंय हे मी दोन वर्षांनी वाचलं. दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीटही 'व्हेरिफिकेशनला' म्हणून ठेवून घेतल्या. मान्यताप्राप्त कॉलेजांनीसुद्धा मूळ कागद अडवून ठेवायचे नाहीत असं यूजीसीनं बजावलेलं आहे, पण तेव्हा कोणाला माहीत!

वर्ग भरायचे ते गच्चीवर. पत्र्याचं शेड, एका कोपऱ्यात पाण्याची निळी टाकी, दुसऱ्या कोपऱ्यात चार डंबेल आणि एक फाटकी मॅट. ४०० मीटरचा ट्रॅक आम्ही व्हाइटबोर्डवर शिकलो. सर मार्करनं लंबगोल काढायचे आणि त्रिज्या ३६.५० लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो. "मैदानाचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय" हे वाक्य मी दोन वर्षं ऐकलं. शाळांत जाऊन पाठ घ्यायचे असतात, टाचण काढायचं असतं, हे मला बाहेरच्या एका मैत्रिणीकडून कळलं. आमच्याकडं विचारलं तर म्हणाले, "ते जुन्या सिलॅबसला होतं."

आउटडोअरचं तर विचारूच नका. वैराटगडाच्या पायथ्याला दोन रात्री तंबू ठोकले, एका बांधाच्या भिंतीवरून दोरीनं खाली उतरवलं आणि प्रत्येकाला 'बेसिक माउंटेनियरिंग'चं सर्टिफिकेट दिलं. उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंगच्या संस्थांतला या नावाचा कोर्स जवळजवळ महिनाभराचा असतो, बर्फावर नेतात. आमच्या बॅचचा एक मुलगा त्याच कागदावर एका कॅम्पमध्ये लागला, शाळेची पोरं दोरीवर चढवतो. मला पैशापेक्षा त्याची जास्त भीती वाटते.

फसवणूक इतके दिवस लपते कशी, हे मला आत्ता कुठं समजलंय. आमच्या बॅचमधली निम्मी पोरं जिममध्ये ट्रेनर झाली. जिमवाला दंड बघतो, फार तर कुठलंही एक सर्टिफिकेट मागतो. त्यामुळं त्यांना आजही वाटतं की कोर्स चांगला होता. 'आमचे यशस्वी विद्यार्थी' म्हणून फोटो त्यांचेच लागतात. उघडा पडतो तो फक्त शाळेत नोकरीला जाणारा.

मी पडले. २०२४च्या पावसाळ्यात एका अनुदानित शाळेत जागा निघाली. मुख्याध्यापकांनी आधी मैदानावर नेलं, हातात सुतळीचा गुंडा दिला, रेषा आखायच्या फक्कीची पाटी पुढं ठेवली. "मुलींचं कबड्डीचं मैदान आखा, १२ बाय ८." दहा वर्षं मी त्या रेषांच्या आत खेळले होते. खुंटी ठोकली, १२ मीटर सुतळी ताणली, आणि तिथंच अडकले. कोपरा काटकोनात कसा धरायचा? अंदाजानं आखलं तर मैदान पतंगासारखं तिरकं आलं. सर काही बोलले नाहीत. खाली बसले, तीन-चार-पाचच्या मापानं कोपरा धरून दाखवला आणि म्हणाले, "ताई, कर्ण मोजायचा. १४.४२ आला की मैदान बरोबर. कुठं केलं बीपीएड?"

कागद क्लार्ककडं गेले. त्यांनी दोनच गोष्टी शोधल्या: विद्यापीठाचं नाव आणि एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या परिषदेच्या, मान्यता आदेशाचा क्रमांक. दोन्ही नव्हतं. एनसीटीईचा कायदा १९९३चा आहे. मान्यता नसलेल्या संस्थेतली अशी पात्रता सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या नेमणुकीला चालत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. 'समकक्ष' हा शब्द त्या फ्लेक्सवाल्यानं स्वतःच लावलेला.

तेव्हा प्रवेशाआधी एवढं करा. एनसीटीईच्या पश्चिम विभागीय समितीच्या यादीत कॉलेजचं नाव आणि पुढं बीपीएड हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी बघा, ते सांगतात म्हणून नको. ज्या विद्यापीठाचं नाव घेतात, त्याच्या संलग्न कॉलेजांच्या यादीतही बघा. परराज्यातल्या विद्यापीठाचं 'सेंटर' म्हणाले तर तिथूनच मागं फिरा. आपल्याकडच्या सीईटीत मैदानी चाचणी असते. शारीरिक शिक्षणाचं कॉलेज तुम्हाला पळायलाच लावत नसेल, तर थांबून विचार करा. पावतीवर 'शुल्क' लिहून घ्या. आणि दुपारी चारनंतर न सांगता जा, मैदान बघायला. मैदान नसेल तर बाकी काही विचारायची गरज नाही.

मी पोलिसांत गेले. पैसे २०२२ला दिलेले, म्हणून फसवणुकीचं जुनं कलम ४२० लागतं, जुलै २०२४ला आलेल्या भारतीय न्याय संहितेतलं ३१८ नाही. पण 'देणगी'च्या पावतीवर घोडं अडलं. "तुम्ही राजीखुशीनं दान दिलंय असं ते म्हणतील," हवालदार म्हणाले. व्हॉट्सअॅपवरचे हप्त्यांचे मेसेज, 'फी भरा नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही' असे, मी डिलीट केले नव्हते. शेवटी तेच कामाला आले. तक्रार लेखी घेतली. मार्कशीट परत मिळाल्या. पैशाचं म्हणाल तर संस्थेनं २० हजार देऊ केले, तक्रार मागं घ्यायच्या अटीवर. अण्णा घ्या म्हणत होते, मी घेतले नाहीत.

गेल्या महिन्यात चुलतभावानं शेजारच्या तालुक्यातलं एक पत्रक पाठवलं. संस्थेचं नाव वेगळं, मोबाइल नंबर तोच. वर शिट्टी घातलेल्या मुलीचा फोटो, मागं निळी टाकी. ती मुलगी मी आहे. ते पत्रकही तक्रारीला जोडलंय.