एलिस आयलंड की एंजल आयलंड? अमेरिकेतल्या स्थलांतरावर प्रकल्प करणाऱ्यांसाठी

‘अमेरिकेतल्या स्थलांतराचा इतिहास’ एवढं मोठं नाव देऊन प्रकल्प घेतला की तीस पानं नुसत्या सनावळीत संपतात. त्यापेक्षा एक बंदर धरावं आणि तिथेच ठाण मांडावं. मार्गदर्शकांनी सुचवलेलं पहिलं नाव बहुधा न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडचं असतं. दुसरं आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसलेलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातलं एंजल आयलंड. पदवी किंवा एम.ए.च्या पातळीवर, भारतात बसून, इंटरनेटच्या आधाराने काम करायचं असेल तर यातलं कोणतं घ्यावं? माझा कल एंजल आयलंडकडे आहे. पण तो सगळ्यांना सोयीचा नाही, म्हणून दोन्हींकडचं सविस्तर सांगतो.

एलिस आयलंडवरचं, बोटीने येणाऱ्या स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र १ जानेवारी १८९२ ला सुरू झालं आणि नोव्हेंबर १९५४ मध्ये बंद झालं. या काळात तिथून सुमारे १ कोटी २० लाख माणसं अमेरिकेत शिरली. इटलीचे, पोलंडचे, रशियातून पळालेले ज्यू. १९०७ हे सर्वांत गर्दीचं वर्ष, त्या एका वर्षात १० लाखांवर लोक आले. बोटीवर पहिल्या-दुसऱ्या वर्गातल्यांची तपासणी जागेवरच उरकायची. बेटावर आणलं जायचं ते तळाच्या वर्गातल्यांना. डॉक्टर पापण्या उलटून खुपऱ्या आहेत का बघत, संशय आला की कोटावर खडूने अक्षर लिहीत. तरीही बहुतेकांची सुटका काही तासांत होई आणि परत पाठवले गेले ते जेमतेम दोन टक्के.

इथला मुख्य ऐवज म्हणजे बोटींच्या प्रवासी याद्या. नाव, वय, धंदा, लिहिता-वाचता येतं का, शेवटचा मुक्काम कुठे, तिकिटाचे पैसे कुणी भरले, जवळ किती डॉलर आहेत, कुणाकडे जाणार, असे एका ओळीत पंचवीस-तीस रकाने. बहुपत्नीक आहात का, अराजकवादी आहात का, हेसुद्धा विचारलेलं. या याद्या मोफत खातं उघडून घरबसल्या बघता येतात. एक बोट निवडा, शंभर-दोनशे प्रवाशांचे धंदे आणि जवळची रक्कम एका तक्त्यात भरा, की आकडेवारीचा नेटका प्रकल्प तयार. मुदत कमी असेल किंवा समाजशास्त्रवाल्यांना आलेख हवे असतील तर याहून सोपी वाट नाही. शिवाय सुमारे दोन हजार मौखिक मुलाखती आहेत आणि तिथलेच एक कारकून ऑगस्टस शर्मन यांनी काढलेली छायाचित्रं आहेत. ती वापरताना मात्र जपून. शर्मन यांच्यासमोर उभे राहिलेले बरेचजण अडकवून ठेवलेले होते आणि त्यांना मुद्दाम आपापल्या देशी पोशाखात उभं केलेलं दिसतं. सर्रास सगळे असेच उतरले, असं समजू नका.

दोन खाचखळगे आणखी. ‘एलिस आयलंडवर अधिकाऱ्याने आमच्या आजोबांचं आडनाव बदललं’ ही गोष्ट अमेरिकेत घरोघरी सांगतात, आणि विद्यार्थी ती जशीच्या तशी उतरवतात. तिथले अधिकारी निघण्याच्या बंदरात तयार झालेल्या यादीवर खुणा करत. नावं नव्याने लिहून घेणं हे त्यांचं काम नव्हतं, आणि दुभाषेही हाताशी असत. दुसरा खळगा खास आपला: आनंदीबाई जोशींची नोंद इथे शोधणं. त्या न्यूयॉर्कला उतरल्या जून १८८३ मध्ये, म्हणजे हे केंद्र उघडायच्या साडेआठ वर्षं आधी. त्या वेळी न्यूयॉर्कचं केंद्र होतं कॅसल गार्डन.

आता एंजल आयलंड. १९१० ते १९४० एवढीच त्याची तीस वर्षं आणि एकूण आलेले सुमारे ५ लाख. आकड्यात किरकोळ, पण कागदांत श्रीमंत. कारण १८८२ च्या चिनी बंदी कायद्याने चिनी मजुरांना दार बंद केलेलं होतं. येऊ शकत होते ते व्यापारी, विद्यार्थी आणि अमेरिकी नागरिकांची मुलं. त्यात १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोचं जन्मनोंदींचं दप्तर जळालं. मग कितीतरी चिनी पुरुषांनी ‘मी इथेच जन्मलो, म्हणजे नागरिकच’ असा दावा केला, आणि गावाकडे न जन्मलेली मुलं कागदावर जन्मली. त्या कागदोपत्री मुलाची जागा विकत घेऊन दुसराच तरुण बोटीत बसे.

सरकारला हे ठाऊक होतं. म्हणून उलटतपासणी सुरू झाली. गावात तुमचं घर कितव्या ओळीत? दाराला पायऱ्या किती? तांदळाचं भांडं कुठे ठेवता? विहीर किती लांब? हेच प्रश्न ‘बापाला’ आणि साक्षीदारांना वेगळे विचारायचे आणि उत्तरं ताडून बघायची. मुलं उत्तरांच्या वह्या बोटीवर पाठ करत आणि किनारा आला की समुद्रात टाकून देत. एलिस आयलंडवर ज्याची सुटका दुपारपर्यंत होई, त्याला इथे आठवडे, कधी महिने कोंडून ठेवत. पण संशयापोटीच सरकारने एकेका माणसाचं जाडजूड बाड तयार केलं. विश्वासाने आत घेतलेल्या इटालियन शेतमजुराची उरली एक ओळ, आणि खोटारडा ठरवू पाहिलेल्या दक्षिण चीनमधल्या कँटनच्या पोराचं अख्खं गाव सरकारी दप्तरात शिल्लक राहिलं. प्रकल्पाला मुद्दा हवा असतो तो असा. अर्थात त्या जबान्यांत खरं किती आणि पढवलेलं किती, हे ठरवणं तुमच्याकडेच येतं. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे काम टाळू नये असं मला वाटतं.

शिवाय कविता आहेत. कोंडलेल्या पुरुषांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर चिनी लिपीत कोरलेल्या, दोनशेच्या वर. बहुतेकांवर ना नाव ना तारीख. १९७० मध्ये अलेक्झांडर वाइस या उद्यानरक्षकाने त्यांचं महत्त्व ओळखलं नसतं तर इमारत पाडलीच जाणार होती. बायकांना मुख्य इमारतीत ठेवत, ती १९४० च्या आगीत गेली. त्यामुळे भिंतीवरचा सगळा आवाज पुरुषांचा आहे, ही उणीव प्रकल्पात नोंदवलीच पाहिजे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी भाषांतरांवर विसंबावं लागेल, तेही लिहावं.

अडचण एकच, पण मोठी. बाडं सॅन ब्रूनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांतली बरीचशी ऑनलाइन नाहीत. ईमेल करून प्रती मागवाव्या लागतात, वेळ आणि पैसे दोन्ही जातात. सत्र संपत आलं असेल तर निवडक जबान्या व कहाण्या ज्या खुल्या आहेत त्यांवरच भागवा, किंवा सरळ एलिस आयलंड घ्या.

भारतीय धागा हवा असेल तर पुन्हा पश्चिम किनाराच. १९१५ मध्ये पेशावरचे वैष्णोदास बगाई पत्नी कला आणि तीन मुलांसह एंजल आयलंडवर आले. त्यांना नागरिकत्व मिळालं. मग १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत असा निकाल दिला. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते. बगाईंचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. निकालपत्र छोटं आहे, पूर्ण वाचा. बगाई कुटुंबाची कागदपत्रं दक्षिण आशियाई अमेरिकनांच्या डिजिटल संग्रहात, ‘साडा’त, मोफत बघता येतात. एका विद्यार्थ्याला एका सत्रात पेलेल असा हा विषय आहे आणि मराठीत त्यावर फार कमी लिहिलं गेलंय.

ही दोन्ही बेटं सोडून तिसरा पर्यायही आहे: ३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केलेल्या स्थलांतर कायद्यानंतर गेलेली आपली माणसं. डॉक्टर, इंजिनिअर, नंतर त्यांची भावंडं. नात्यात असं कुणी असेल तर संदर्भसाहित्याला तोटा नाही, फक्त ते कुठल्या संकेतस्थळावर नसून कुणाच्या तरी कपाटात असतं. मुलाखतीला लेखी परवानगी घ्या, आणि ‘कसं वाटलं?’ विचारण्याआधी जुना पासपोर्ट, पत्रं आणि पहिल्या नोकरीचा कागद मागून घ्या. पन्नास वर्षांनी माणसं तारखा हमखास चुकतात.