५० टक्के हिरवी शेडनेट, पाच महिन्यांनंतर: जाळी ठीक, क्लिपा भंगार

फेब्रुवारीत घेतलेल्या या जाळीला मार्चअखेरीस मी चार तारे देऊन मोकळा झालो होतो. मेमध्ये त्यांचा एक केला. आता तीनवर आलोय.

नागपूरची गच्ची, तिसरा मजला, टोमॅटोच्या बारा कुंड्या. जाळी ११५० रुपयांची, सोबत वीस प्लास्टिकच्या क्लिपा. नऊ कुंड्या जाळीखाली बसल्या, तीन मावल्या नाहीत म्हणून टाकीशेजारी उघड्यावर राहिल्या. त्या तीन मी मनातून सोडूनच दिल्या होत्या.

आधी क्लिपांचं. उन्हापासून वाचवायच्या जाळीच्या क्लिपा उन्हातच टिकत नाहीत! एप्रिल संपेपर्यंत अकरा तुटल्या. दाबलं की पापडासारखा आवाज. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘क्लिपा ॲक्सेसरीमध्ये येतात, वॉरंटी फक्त जाळीला.’ चार वेळा फोन केले, शेवटी सुतळीने बांधलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस लग्नाला अकोल्याला गेलो. शेजाऱ्यांनी बाराही कुंड्यांना पाणी घातलं. पण मागे पश्चिमेकडच्या क्लिपा सुटल्या आणि जाळी एका बाजूला गोळा झाली. पारा ४४. परत येऊन बघतो तर जाळीखालच्या झाडांची वरची पानं पांढरी, कागदासारखी. टाकीजवळची तीन मात्र दुपारी मान टाकून संध्याकाळी पुन्हा ताठ! बायको म्हणाली, “तुमच्या सावलीतल्या जावयांना ऊन लागलं.”

तिथून मी वाचायला लागलो. उष्णतेने पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, अंडं उकडल्यासारख्या. एरवी एचएसपी ७० आणि ९० ही मदतनीस प्रथिनं एचएसएफ नावाच्या स्विचला धरून ठेवतात. घड्या बिघडायला लागल्या की मदतनीस तिकडे धावतात, स्विच मोकळा होतो, तीन-तीनच्या जोडणीने डीएनएवर बसतो आणि आणखी मदतनीस बनवायचा हुकूम सुटतो. या स्विचचे प्रकार अनेक: टोमॅटोत ही सुरुवात एचएसएफए१ए करतो, पुढे एचएसएफए२ जोर धरतो. हे कायम चालू का नाही ठेवत? प्रथिनं बनवायला खर्च येतो, वाढ खुंटते. आपणही कूलर जानेवारीत लावत नाही.

कामाचा मुद्दा असा, की आधी सोसण्याजोगी गरमी मिळाली तर झाड नंतरची जीवघेणी गरमी झेलतं. त्यातला मोठा वाटा एचएसपी १०१ चा. झालेली गुठळी ओढून सोडवणारं हे प्रथिन. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये ते बिघडवलं तर झाड एरवी छान वाढतं, फक्त ही सवयीची ताकद जाते. माझ्या टाकीजवळच्या झाडांची मार्चपासून रोज थोडी थोडी तालीम झाली होती, जाळीखालच्यांची नाही. अर्थात पानं पांढरी पडण्यात प्रखर उजेडाचाही हात असणार, सगळं तापमानावर ढकलत नाही.

त्या दिवशी रागाने एक तारा दिला. जाळीने झाडं नाजूक केली, असा निकाल लावला.

तो निकालही चुकला. टाकीजवळच्या तीन झाडांना फुलं आली खंडीभर, टोमॅटो शून्य. जाळीखालच्या नऊ झाडांनी एप्रिलमध्ये साधारण चार किलो दिले होते. पान तग धरतं, परागकण धरत नाही. फूल उमलायच्या आठ ते तेरा दिवस आधी पराग घडत असतो आणि तो काळ सगळ्यात नाजूक. पिकता पिकता परागात साठायचा स्टार्चही गरमीत कमी पडतो. परागाला सांभाळण्यात एचएसएफए२ लागतो. टोमॅटोत तो दाबला तर गरमीत परागाची जगण्याची ताकद घटते. म्हणजे फूल आज गळलं तरी गुन्हा दहा दिवसांपूर्वीचा! मेच्या मध्यावर जाळीखालची फुलं पटापट गळली तेव्हा मी जाळीला पुन्हा शिव्या घालणार होतो. तारखा मोजल्या, बरोबर अकोल्याच्या लग्नावर येऊन थांबल्या.

मात्र नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या त्या नऊ कडक दिवसांत, जाळी लावूनही एक फळ धरलं नाही. रात्रीचा पारा अठ्ठावीसच्या खाली येईना, आणि टोमॅटोला फळ धरायला रात्रही थंड लागते. त्यात जाळी काय करणार? तेव्हा मेअखेरीस नागपुरात टोमॅटो खायचे असतील तर बाजारातून आणा, स्वस्त पडतील.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये जाळी फक्त अकरा ते चार लावणार, बाकी वेळ गुंडाळलेली. जाळी अजून फाटलेली नाही, हिरवा रंगही तसाच आहे, म्हणून तीन तारे. बांधायला स्टेशनरीच्या दुकानातल्या लोखंडी क्लिपा घेतल्या, ६० रुपये डझन, एकही हललेली नाही. जुन्या उरलेल्या नऊ बिस्किटांच्या पुड्यांना लावल्यात. तिथे छान टिकतायत.