जपानच्या वर्गाशी व्हिडिओ कॉल: वर्षभर वापरून मग लिहितेय

दोन-तीन ग्रुपवर सारखं विचारतायत की बाई तुम्ही परदेशातल्या शाळेशी बोलता ते कसं, पैसे किती जातात, कुठलं अॅप बरं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, चौथी-पाचवी मिळून 22 पोरं, वर पत्रा, आणि नेट म्हणजे माझ्याच मोबाइलचा हॉटस्पॉट. स्टार आधीच सांगते, पाचपैकी चार. एक कुठे कापला ते पुढे येईलच.

हे वेड आमच्याकडे कुठून आलं ते वेगळं सांगायला नको. 2020 ला परितेवाडीच्या डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, 10 लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या सोबतच्या 9 जणांना वाटून टाकले. क्यूआर कोडच्या पुस्तकांचं सगळ्यांना माहितीये, पण भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांशी न पटणाऱ्या देशांतल्या मुलांना बोलतं करायचा उपक्रमही त्यांचाच. तेव्हापासून शिक्षण परिषदेत कुणी ना कुणी म्हणतंच, आपणही करूया. आणि चहा झाला की विषय संपतो.

मी आधी एका पैसे घेणाऱ्या साइटवर गेले, नाव नाही घेत. फॉर्म भरला, फी भरली, आणि त्यांनी जोडी जुळवून दिली ती अशा देशातल्या शाळेशी की आमची घंटा होते तेव्हा तिकडे मध्यरात्र. बरं मेल केला तर उत्तर एकच, वेळ तुम्ही आपसात ठरवा. अहो काय ठरवू, पोरांना रात्री बोलवू का शाळेत? ते पैसे बुडीत खाती गेले. म्हणून पहिला सल्ला हाच, देश बघायच्या आधी घड्याळ बघा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे आपले साडेदहा तर त्यांचे दुपारचे दोन, परिपाठ झाला की कॉल. ही शाळा मला शिक्षकांच्याच एका ग्रुपवर मिळाली, फुकटात.

सुरुवात मिस्ट्री कॉलनेच करा, पहिल्याच दिवशी गप्पा मारा म्हटलं तर दोन्हीकडची पोरं नुसती हात हलवत बसतात. खेळ सोपाय, समोरचा वर्ग कुठल्या देशातला ते फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारून ओळखायचं. आधी याला मिस्ट्री स्काइप म्हणायचे, आता 2025 च्या मे मध्ये स्काइपच बंद झालं, पण खेळ कशावरही होतो. आम्ही नकाशे उतरवले, तिरंगा कपाटात ठेवला, प्रतिज्ञा मात्र भिंतीवर मोठ्या अक्षरात तशीच राहिली. भारत माझा देश आहे! पण देवनागरी तिकडे कोण वाचणार, त्यामुळे वाचलो. पोरांनी पृथ्वीगोल मांडीवर घेऊन तुमचा देश आशियात आहे का, चहूबाजूंनी समुद्र आहे का असं फळ्यावर लिहिलेलं इंग्लिश वाचून वाचून जपान गाठलं. आणि ऐका, त्यांचं इंग्लिशही आमच्याइतकंच अडखळत होतं, त्याचा उलट फायदाच झाला, कुणी कुणापुढे लाजलं नाही.

आता अॅप. झूम फुकटात 40 मिनिटांनी तोडतं, अगदी दोघंच असलात तरी. गूगल मीटवर तिघं किंवा जास्त असतील तर तासाची मर्यादा, पण दोनच डिव्हाइस जोडलेले असतील तर 24 तासांपर्यंत चालतं, आणि वर्गाशी वर्ग म्हणजे दोनच डिव्हाइस की. त्यामुळे आम्ही मीटवरच. फक्त मध्येच कुणा पालकांना लिंक देऊ नका, तिसरं कुणी आलं की तासाचा हिशोब सुरू. अजून एक, पाटीवर नाव लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं की आपल्याला आपल्याच स्क्रीनवर उलटं दिसू शकतं. समोरच्याला ते सरळच दिसत असतं. पण आमच्या एका पोराने घाईघाईत पुसून अख्खं नाव उलटं लिहून काढलं, आणि मग खरंच उलटं गेलं तिकडे. सगळा वर्ग लोळायचा बाकी राहिला.

कॅमेऱ्यावर पैसे घालू नका, लॅपटॉपचा पुरतो. घालायचे तर माइकवर घाला. पत्र्याच्या वर्गात आवाज इतका घुमतो की समोरच्याला काय ऐकू जात असेल देव जाणे. मी टेबलावर ठेवायचा गोल स्पीकर घेतला, माइक त्याच्यातच असतो, मग जरा माणसात आलो. तरी जुलैच्या पहिल्या कॉलला आमचा पाऊस असा कोसळला की स्पीकर काय नि माइक काय, काहीच कळेना. तिकडची पोरं कानावर हात ठेवून विचारतायत हा आवाज कसला, तर मी लॅपटॉप उचलून सरळ व्हरांड्यात नेला आणि पागोळ्या दाखवल्या. सगळी एकदम ओरडली, आमे! आमे! आमची पोरं म्हणतात, हो आम्ही, आम्हीच! नंतर त्यांच्या बाईंनी सांगितलं की आमे म्हणजे पाऊस. आता आमच्या वर्गात पाऊस आला की कुणी ना कुणी आम्ही आला म्हणून ओरडतंच.

पोरांना सगळ्यात जवळचं काय वाटलं माहितीये, चपला. आमची वर्गाबाहेर रांगेत काढलेली असतात, आणि तिकडेही बाहेरचे बूट काढून आतले वेगळे घालायचे, उवाबाकी म्हणतात त्याला. जेवण मात्र सोबत दाखवता येत नाही, आमची खिचडी सुटते तेव्हा तिकडे संध्याकाळ. त्यांनी रेकॉर्ड करून पाठवलं, पांढरे एप्रन नि टोप्या घालून पोरंच वाढतायत आणि प्रत्येकाला दूध. आमच्या खिचडीवाल्या मावशींनी तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि तिसऱ्या दिवशी पोरांच्या हातात पळी दिली.

खेळात दगड-कागद-कात्री. त्यांचं जान-केन-पोन, बरोबरी झाली की आइको-देशो म्हणून पुन्हा हात. पण नेट सेकंदभर मागे असतं ना, त्यामुळे समोरच्याचा हात आपल्याला नेहमी उशिरानेच दिसतो आणि दोन्हीकडच्यांना वाटतं की हा बघून टाकतोय. रडीचा डाव म्हणून आमची ओरडतात, तिकडूनही काहीतरी तसलंच येतं. शेवटी त्यांच्याच एका मुलीने मार्ग काढला, हात पाठीमागे ठेवायचा, बाईंनी टाळी वाजवली की डोळे मिटून पुढे करायचा, मग उघडायचे.

आता तो कापलेला स्टार. त्यांच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मुलांचे चेहरे कुठेही टाकायचे नाहीत, पूर्ण नावंही नाहीत. योग्यच आहे. पण आपल्याकडे उपक्रम केला की फोटो, फोटो नाही तर उपक्रम झालाच नाही. वरून तीनदा मागणी आली, शेवटी मी पोरांचे पाठमोरे फोटो पाठवले, पुढे काळा स्क्रीन. त्यावर उत्तर, फोटो स्पष्ट नाही.

आणि दुसरं, यात कुणाचाच दोष नाही, त्यांचं वर्ष मार्चमध्ये संपतं. एप्रिलला नवा वर्ग, बाईंचीही बदली होऊ शकते, आमच्याही बदल्या तोंडावर. शेवटच्या कॉलला दगड-कागद-कात्रीचा हिशोब 14-11 होता, आमची मागे. पोरं म्हणतायत, बाई जूनमध्ये निदान तीन डाव लावूनच द्या. मेल टाकलाय मी, उत्तर आलं की इथेच खाली लिहिते.