नंबरप्लेट बघायची, इंजिन बघायचं की गाड्याच कमी करायच्या?

शहरातला धूर आवरायचे नियम मुख्यतः तीन तऱ्हांचे. नंबरप्लेट बघून गाडी घरी बसवायची, जुन्या इंजिनावर शुल्क लावायचं, किंवा गर्दीच्या भागात शिरणाऱ्या जवळपास सगळ्यांकडूनच पैसे घ्यायचे.

पहिला फुकटात होतो, म्हणून पुढाऱ्यांचा लाडका. मेक्सिको सिटीत 1989 मध्ये नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यानुसार आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवायचा नियम आला. लोकांनी वेगळ्या आकड्याची दुसरी गाडी घेतली, तीही बऱ्याचदा जुनी. अर्थतज्ज्ञ लुकास डेव्हिस यांनी 2008 च्या अभ्यासात हवेच्या नोंदी तपासल्या, त्यात सुधारणा काही सापडली नाही. धुरक्याच्या चार दिवसांपुरता हा उपाय ठीक. कायमचा? मी तरी नाही म्हणेन.

दुसऱ्याचं ठळक उदाहरण लंडन. 2019 मध्ये शहराच्या मध्यभागी सुरू झालेला नियम ऑगस्ट 2023 पासून सगळ्या उपनगरांत लागू झाला. युरो म्हणजे गाडीच्या धुराचे युरोपीय निकष, आकडा मोठा तितके कडक. पेट्रोल गाडी युरो 4 ला किंवा डिझेल युरो 6 ला उतरत नसेल, तर दिवसाला साडेबारा पौंड. जुन्या डिझेल व्हॅनमधून कामावर जाणाऱ्या प्लंबरचे महिन्याच्या 22 दिवसांचे 275 पौंड गेले. पैसेवाला गाडी बदलून मोकळा होतो, हा मात्र अडकतो. त्यामुळे गाडी मोडीत काढायला मदत देणार नसाल, तर हा नियम आणूच नका.

फायदा मोठा आहे, कारण काजळी आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांत जुन्या डिझेलचा वाटा मोठा. पण मेख डिझेल गाडीच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये आहे. तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा जाळीदार, सिरॅमिकचा. जवळच्या फेऱ्यांत पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही, तुंबतो. मग काही जण तो काढूनच टाकतात. गाडी कागदावर स्वच्छच राहते, आणि धुराच्या जुन्या तपासणीत ही लबाडी सहसा निसटते. नेदरलँड्सने 2023 पासून फिल्टरवाल्या डिझेल गाड्यांच्या धुरातले कण मोजायला सुरुवात केली, ती यासाठीच.

तिसरा स्टॉकहोमचा. 2006 मध्ये सात महिने चाचणी, मग सार्वमत, 2007 पासून कायम. शुल्काच्या हद्दीवरची वाहतूक सुमारे 20 टक्क्यांनी घटली. लहान मुलांचे दम्याचे तीव्र झटकेही कमी झाले, पण लगेच नाही, हळूहळू. निवडणुकीआधी आकडे दाखवायची घाई असेल तर हे अवघड जाईल.

शहरात जुनी डिझेल वाहनं जास्त असतील तर दुसरा घ्या, गाड्याच फार झाल्या असतील तर तिसरा. टायरची धूळ इंजिन बदलून जात नाही, विजेवरची गाडीही ती उडवते. तिथे दुसऱ्याचा उपयोग नाही.