पाचारण शिबिराला मुलाला पाठवावं का? आमचा अनुभव

दहावीची परीक्षा संपली आणि मुलगा म्हणाला, "मम्मी, मला पाचारण शिबिराला जायचंय." फादर व्हायची देवाची हाक आपल्याला आहे का, हे मुलांनी पाहावं म्हणून चर्चचं हे शिबिर असतं. त्याच्यासोबतचे आणखी चार वेदीसेवक, म्हणजे चर्चच्या उपासनेत फादरांना मदत करणारी मुलं, निघाले होते. मी हो म्हटलं, पण पोटात गोळा आला. एकुलता एक आहे. सासूबाईंनी तर सरळ विचारलं, "मग वाडी कोण बघणार?" वसईत आमची सोनचाफ्याची वाडी आहे, मिस्टर पहाटेच्या गाडीने फुलं घेऊन दादरला जातात. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.

शिबिर शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. फी सहाशे रुपये. मुलं हॉलमध्ये चटईवर झोपतात, तेव्हा चादर आणि डासांचं मलम नक्की द्या. जेवण चांगलं, शनिवारी रात्री माशांचं कालवण होतं. मोबाइल जमा करतात, रात्री एकदा घरी बोलू देतात. शनिवारी दुपारी जेवणानंतर लागोपाठ दोन व्याख्यानं ठेवली होती, ती मात्र चुकलीच. मे महिन्यातल्या उकाड्यात पोरं पेंगत होती. त्यापेक्षा सेमिनरीत फादर होण्याचं शिक्षण घेणाऱ्या ब्रदरांबरोबर फुटबॉल झाला तो वेळ मुलाला जास्त आठवतो. पहिल्या वर्षी घरच्या आठवणीने रडू यायचं, हे एका ब्रदरांनी न लपवता सांगितलं. संत गोन्सालो गार्सियांची गोष्टही तिथे नीट सांगितली: आपल्या वसईत जन्मलेला मुलगा, जपानात आधी व्यापारी, पुढे फ्रान्सिस्कन संघातला व्रतस्थ ब्रदर, आणि १५९७ साली नागासाकीत क्रूसावर मरण.

पण मी हे लिहायला बसले ते रविवारच्या मिस्साच्या उपासनेनंतर पालकांसाठी असलेल्या दीड तासामुळे. फादरांनी फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजाच्या (मदर तेरेसा नव्हेत) आईवडिलांबद्दल सांगितलं. लुई आणि झेली मार्टिन, २०१५ मध्ये दोघं एकत्र संत झाले. नऊ मुलं, त्यातली चार लहानपणीच गेली, उरलेल्या पाचही मुली धर्मभगिनी (सिस्टर) झाल्या. आई कापडी लेसचा धंदा चालवायची, वडील घड्याळजी. म्हणजे आपल्यासारखी कामाधंद्याची माणसं.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी जेवताना फादरांबद्दल काय बोललं जातं?"

हॉलमध्ये कोणी काही बोलेना. मी मिस्टरांकडे पाहिलं, त्यांनी खाली बघितलं. प्रवचन लांबलं, सणाची वर्गणी वाढवली, अमक्या फादरांना बोलायची रीत नाही, हे सगळं आम्ही मुलाच्या समोर ताट वाढता वाढता बोलत आलोय. फादर म्हणाले, "तक्रार असेल तर जरूर करा. पण त्याच फादरांसाठी प्रार्थना करताना मुलांनी तुम्हाला कधी पाहिलंय का?"

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली कुटुंबाला जणू पहिली सेमिनरी म्हटलं, हे मी अनेकदा ऐकलं होतं. त्या दिवशी ते आमच्या जेवणाच्या टेबलाबद्दल आहे हे कळलं.

माझी भीतीही मी उठून बोलले. त्यांनी समजावलं की बारावीनंतर तत्त्वज्ञान, ईशज्ञान (देवाविषयीचं शास्त्र) अशी कित्येक वर्षं जातात, पंचविशीच्या आत सहसा गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याचा विधी, होत नाही, आणि मधे कधीही मुलाला परत यायची मोकळीक असते. ढकलायचं नाही आणि अडवायचंही नाही. शेवटी मुलांना हात वर करायला वगैरे लावलं नाही, ते मला फार आवडलं.

एक मागणी मनापासून: मुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी असंच शिबिर हवं. धर्मभगिनी व्हायची इच्छा असलेली मुलगी कोणाला विचारणार? आणि पालकांच्या सत्राला वडिलांनी यावं. आमच्यात चाळीसेक आया होत्या, बाप जेमतेम सात.

मुलाने अजून काही ठरवलेलं नाही. त्याला विज्ञान शाखेत जायचंय, जाऊ दे. रोज रात्रीच्या रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, आता एक 'नमो मरिया' आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांसाठी जादा असते. ती सासूबाई सांगतात.