चिंचिलाच्या पोटासाठी काय द्यावं: दही, ट्यूब, यीस्ट की नुसतं गवत?

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत पोट बिघडलं की आधी दही-भात. म्हणूनच चिंचिला या कुरतडणाऱ्या छोट्या पाळीव प्राण्याची लेंडी जरा मऊ दिसली की घरातली मोठी माणसं दह्याची वाटी पुढे करतात, आणि तरुण मंडळी दवा बाजारातून प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जिवाणूंची पुडी घेऊन येतात. दोघांनाही त्या जिवाची काळजीच असते. पण यातलं काय कधी द्यायचं, हे आधी ठरवलेलं बरं. ४०० ते ६०० ग्रॅमच्या या प्राण्याला चूक निस्तरायला फार वेळ मिळत नाही.

चिंचिला मूळचा अँडीज पर्वतातला. कोरडं, चिवट गवत खाऊन जगणारा. त्या गवताचं खरं पचन लहान आतड्याच्या पुढे, अंधनलिका नावाच्या मोठ्या पिशवीत होतं. तिथले जिवाणू तंतू आंबवतात आणि त्यातून प्राण्याला ऊर्जा मिळते. हे जिवाणू टिकले तर चिंचिला टिकतो. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गॅस धरला की तो सहजी सुटतही नाही.

आता दही. माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. दूध सुटलेल्या चिंचिलाच्या आहारात दुधाला जागाच नाही. दह्यातली उरलेली साखर त्या अंधनलिकेपर्यंत पोचते आणि नको ते जिवाणू पोसते. दुकानात मिळणारे ‘योगर्ट ड्रॉप्स’ तर त्याहून वाईट, कारण त्यात साखरच जास्त. आजींना वाईट वाटेल, पण दही माणसांसाठीच राहू द्या.

लॅक्टोबॅसिलस या दह्यातल्यासारख्या जिवाणूच्या पावडरी दह्यापेक्षा बऱ्या, कारण त्यातले काही प्रकार दुधाविना, साखरेविना मिळतात. डब्यावर घटक वाचून घ्या. स्वाद, फ्रुक्टोज, मध असं काही दिसलं तर ठेवून द्या. अडचण आहे ती आपल्या हवेची. हे जिवाणू उष्णतेने मरतात. मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना कुरिअरच्या गाडीत आणि गोदामात पडून आलेल्या पार्सलात जिवंत किती उरले असतील? उन्हाळ्यात मागवायचंच असेल तर फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या दुकानातून हाती घ्या. शिवाय अँटिबायोटिक चालू असेल तर ते यांनाही मारतं, म्हणून दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं.

लहान मुलांना जुलाबात देतात ती प्लॅस्टिकची छोटी ट्यूब, म्हणजे बॅसिलस क्लॉसी, इथे वरचढ ठरते. हे जिवाणू बीजाणूच्या, म्हणजे जाड कवचातल्या सुप्त रूपात असतात. उन्हाळा सोसतात, बऱ्याच अँटिबायोटिकांनाही दाद देत नाहीत. पातळ, बेचव आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणारं. मात्र ५ मिलीची अख्खी ट्यूब माणसाच्या बाळाच्या हिशोबाची आहे. चिंचिलाला किती, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट आहे, जिवाणू नाही. त्यामुळे अँटिबायोटिक त्याला मारू शकत नाही आणि अँटिबायोटिकच्या कोर्सात मी त्यालाच पहिली पसंती देईन. एक अपवाद लक्षात ठेवा. चिंचिलांना नायटा होतो आणि त्यावर पोटातून बुरशीनाशक दिलं जातं. यीस्टही बुरशीच, म्हणून ते चालू असेल तर यीस्ट फुकट जातं. तेव्हा बॅसिलस बरा.

द्यायची रीत बॅसिलस आणि यीस्ट दोन्हींची एकच. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज घ्या, पटाशीच्या दातांमागे जी मोकळी जागा असते तिथून बाजूने आत सरकवा, आणि थेंब-थेंब सोडा. तो चघळून गिळतो हे दिसल्यावरच पुढचा थेंब. समोरून जोरात सोडलं तर औषध श्वासनलिकेत जातं.

अँटिबायोटिकचा विषय निघाला आहे तर इथे थोडं थांबू, कारण चिंचिलाच्या पोटाचं सगळ्यात मोठं नुकसान यातूनच होतं. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं पोटातून दिली तर आतले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो, त्याचं विष रक्तात जातं आणि काही दिवसांत प्राणी दगावू शकतो. प्रोबायोटिक सोबत दिलं म्हणून हा धोका टळत नाही. कुत्र्या-मांजरांना रोज पाहणाऱ्या डॉक्टरांच्या हातून सवयीने अमॉक्सिसिलिन लिहिलं जाऊ शकतं. तेव्हा न संकोचता विचारा: एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा चालेल का?

आणि गवत? रोजच्यासाठी माझं उत्तर हेच. धडधाकट चिंचिलाला दररोज प्रोबायोटिक द्यायची गरज मला पटत नाही. तेच पैसे चांगल्या टिमोथी गवतावर खर्च करा. टिमोथी महाग पडत असेल तर वाळवलेली जई (ओटचं गवत) चालते. बरसीम किंवा लसूणघास रोज नको, आणि गव्हाचा भुसा पोषणाला पुरत नाही. गवत बदलायचं तर ७ ते १० दिवस जुन्यात थोडं-थोडं मिसळत जा. खोलीही थंड हवी. २५ अंशांच्या वर चिंचिला अस्वस्थ होतो, खाणं कमी करतो, आणि खाणं थांबलं की आतडं मंदावतं. एप्रिल ते जूनमध्ये एसी बंद ठेवून प्रोबायोटिक चालू ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

चांगली लेंडी गडद, टणक, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी जाड असते. ती बारीक आणि कोरडी होऊ लागली तर गवत कमी जातंय; दाढा वाढल्या असतील, आणि त्याला प्रोबायोटिक काय करणार? स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा. ५०० ग्रॅमच्या प्राण्याचं २५ ग्रॅम घटणं म्हणजे ५ टक्के. १२ तास लेंडी नाही, पोट फुगलेलं, कोपऱ्यात आक्रसून बसलाय, अशा वेळी घरी काहीही पाजू नका, लगेच डॉक्टर गाठा.

अँटिबायोटिक संपल्यावर यीस्ट किंवा बॅसिलस आणखी आठवडाभर चालू ठेवायला हरकत नाही. तोवर लेंडी घट्ट झाली नाही तर पुड्या बदलत बसू नका. ताज्या लेंडीची जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीसाठी तपासणी करून घ्या. ओळखीच्या दवाखान्यात ती होत नसेल तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरहून फार लांब नाही, तिथे चौकशी करा.