घरच्या बायोडिझेलची आम्लता : पट्टी, मीटर, हळद की फिनॉल्फ्थॅलिन?

वडे-भजी तळून उरलेल्या तेलाचं बायोडिझेल करायला लागलेला माणूस आम्लता मोजायची म्हटली की आधी पीएच पट्ट्यांची पुस्तिका आणतो. मीही तेच केलं. पट्टी स्वस्त, रंग लगेच दिसतो आणि सात आकडा आला की मन शांत होतं. पण त्या सातचा इंधनाच्या आम्लतेशी जवळजवळ काही संबंध नसतो, आणि कोणती पद्धत निवडायची हे ठरवण्याआधी एवढं नीट समजून घ्यायला हवं.

पीएच ही पाण्यातल्या द्रावणाची गोष्ट आहे. बायोडिझेलमध्ये बुडवलेली पट्टी नुसती तेलकट होते. आपल्याला हवा असतो तो आम्लांक, म्हणजे एक ग्रॅम इंधनातलं आम्ल मारायला किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) लागतं तो आकडा. भारताचं आयएस १५६०७, अमेरिकेचं एएसटीएम डी ६७५१ आणि युरोपचं ईएन १४२१४ ही तिन्ही मानकं ०.५० ही कमाल मर्यादा सांगतात. त्याच्या वर गेलेलं इंधन पंपातल्या, इंजेक्टरमधल्या धातूला हळूहळू खातं.

मग पट्टी टाकून द्यायची का? नाही, ती धुवणासाठी ठेवा. बायोडिझेल पाण्याने धुतल्यावर खाली बसलेल्या पाण्यात ती बुडवली, तर बायोडिझेल बनवताना घातलेलं कॉस्टिक आत अजून शिल्लक आहे का ते कळतं. तेवढंच. तेलातली मेदाम्लं पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, त्यामुळे धुवण सात दाखवत असतानाही इंधन आंबट असू शकतं. बायोडिझेल बनताना तयार झालेल्या साबणाचा फेस मोडावा म्हणून धुण्याच्या पाण्यात व्हिनेगर घालणाऱ्यांनी तर हे खास लक्षात ठेवावं. फेस झटकन बसतो खरा, पण तुटलेल्या साबणातून सुटलेलं मेदाम्ल परत इंधनातच उतरतं. पट्टीला याचा पत्ताही लागत नाही.

पेनाएवढा स्वस्त पीएच मीटर त्याहून महाग पडतो आणि या कामात फार पुढे नेत नाही. त्याची काचेची कळी पाण्यासाठी बनलेली असते. तेलाचा थर बसला की ती मंदावते, अल्कोहोलमध्ये आकडा स्थिर व्हायला वेळ घेते आणि कोरडी पडली की कामातून जाते. शिवाय प्रमाण-द्रावणं आणून तो वेळोवेळी जुळवून घ्यावा लागतो. त्याचा खरा उपयोग एकाच ठिकाणी : तेल इतकं काळं असेल की दर्शकाचा (आम्ल संपलं की रंग बदलणाऱ्या पदार्थाचा) रंगच दिसत नाही, तेव्हा टायट्रेशनचा, म्हणजे थेंबथेंब कॉस्टिक सोडून आम्ल मोजण्याच्या रीतीचा, शेवट पकडायला. नाहीतर हे पैसे वाचवा.

उरतं ते टायट्रेशन. ही शाळेतलीच रीत आहे आणि माझा कौल निःसंशय तिलाच. कच्चं तेल, म्हणजे तळून उरलेलं मूळ तेल, तपासायला १ मिली नमुना पुरतो, पण तयार बायोडिझेलला तो पुरत नाही. १ मिली नमुन्यात ०.५० ही मर्यादा कॉस्टिकच्या द्रावणाच्या ०.४४ मिलीवरच येते आणि थेंबभर इकडेतिकडे झालं की निकाल उलटतो. म्हणून १० मिली बायोडिझेल (सुमारे ८.८ ग्रॅम) आणि ५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश असं ०.१ टक्के द्रावण सिरिंजने थेंबथेंब सोडा. मर्यादा आता ४.४ मिलीवर येते. आधी नुसत्या अल्कोहोलवर किती द्रावण खर्च होतं ते पाहून तेवढं वजा करा.

पैसे खर्चायचेच असतील, तर ते वजनकाट्यावर खर्चा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १ ग्रॅम नीट मोजता येत नाही. सोनाराकडे असतो तसला, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. बाजारात मिळणारं कॉस्टिक पोटॅश बहुधा ८५ टक्के शुद्ध असतं, म्हणून लिटरमध्ये ११.८ ग्रॅम विरघळवा आणि त्यातलं १०० मिली काढून पाण्याने लिटरभर करा. अशाने वजनातली चूक दहा भागांत विभागली जाते. द्रावण घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक बाटलीत ठेवा, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला कमजोर करत राहतो. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे हवेतच, आणि अल्कोहोलजवळ आग नको.

आता दर्शक कोणता? फिनॉल्फ्थॅलिन हा आम्लात रंगहीन आणि अल्कलीत गुलाबी दिसणारा दर्शक; त्याचा रंग पीएच ८.२ च्या आसपास बदलू लागतो. फिकट गुलाबी छटा तीस सेकंद टिकली की थांबायचं. छोटी बाटली शेकडो चाचण्यांना पुरते.

हळद मात्र घरातच आहे. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हळदीच्या डागावर साबण लावला की तो लालसर होतो, तीच ही क्रिया. चिमूटभर हळद अल्कोहोलमध्ये भिजवून गाळून घेतली की दर्शक तयार, कारण तिचा रंग पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये चांगला उतरतो. मला ती मनापासून आवडते, पण तिची अडचणही खरी आहे. पिवळ्या बायोडिझेलमध्ये पिवळ्याचं तांबूस कधी झालं, हे दोन माणसं दोन वेगवेगळ्या थेंबांवर सांगतात. शिवाय ती फिनॉल्फ्थॅलिनच्या किंचित आधी वळते, त्यामुळे आकडा थोडा कमी येतो आणि इंधन आहे त्यापेक्षा चांगलं वाटतं. कच्च्या तेलात किती कॉस्टिक घालायचं याचा अंदाज घ्यायला हळद चालेल. टाकीत ओतण्याआधीच्या शेवटच्या चाचणीला फिनॉल्फ्थॅलिनच घ्या. दोन्ही हाताशी असतील, तर एकाच नमुन्यावर दोन्ही करून फरक वहीत टिपून ठेवा.

वर्षातून दोन-तीनच खेपा करत असाल, तरी कॅन भरल्या दिवशीचा आकडा कॅनवर लिहा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. हवा आणि ओल लागली की आम्लांक वाढत जातो. टायट्रेशनमध्ये १.५ मिलीवर असलेला कॅन ३ वर आला, तर तो आधी संपवा. ४.४ च्या पुढे गेलेला इंजिनात घालू नका. पुढच्या खेपेच्या कच्च्या तेलात मिसळा, त्या मिश्रणाचं नव्याने टायट्रेशन करा आणि त्या आकड्याप्रमाणे कॉस्टिक वाढवून घ्या.